पोह्यांचा सातबारा

गेल्या पौषात पुण्याहून आमच्याकडे एक पाहुणे आले होते. जाणकार, वाचलेले-ऐकलेले, वयाने माझ्याहून थोडे वडील. सकाळी त्यांना घेऊन मी राजवाड्याकडे गेलो. ठेल्यावर उभे राहून पोहे घेतले, सोबत जिलबी. पाहुण्यांनी पहिला घास घेतला, दाताखाली बडीशेप आली आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "पोहे मूळचे आपले. पण तुम्ही लोकांनी त्यांची काय दशा केलीत!" ठेलेवाल्याला मराठी येत नव्हते, तरी स्वर कळला असावा. हात न थांबवता तो म्हणाला, "बाबूजी, पोहा तो इंदौर का ही होता है. बाकी जगह तो बस नाश्ता है."

दोघांच्या मध्ये मी कागदी बशी धरून उभा. पाहुणे माझ्याकडे साक्षीदार म्हणून पाहत होते आणि ठेलेवालाही. इंदुरी मराठी माणसाचे हे जन्माचे दुखणे आहे. त्याला दोन्ही पक्ष आपल्या बाजूचा समजतात आणि दोन्ही पक्ष थोडा बाटलेलाही समजतात. त्या सकाळी मी काहीच बोललो नाही. जे बोलायला हवे होते ते आता लिहितो, आणि मुद्दाम सीमाभागातल्या वाचकांसमोर लिहितो. 2000 साली साहित्य संमेलन बेळगावला भरले, य. दि. फडके अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी ते इंदुरात आले, विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली. म्हणजे आपण पाठोपाठच्या मांडवातले. शिवाय 'कुणाचे?' या प्रश्नाची किंमत तुमच्याइतकी दुसऱ्या कुणा मराठी माणसाने मोजलेली नाही.

आधी त्या बशीतलेच घेऊ. माळवा म्हणजे गव्हाची आणि अलीकडे सोयाबीनची काळी जमीन. इथे भातावर कुणाचे घर चालत नाही. धान बाहेरून येते, मुख्यतः छत्तीसगडातून. त्याचे पोहे उज्जैनच्या गिरण्यांत होतात किंवा तिकडूनच तयार होऊन येतात. भिजवलेल्या पोह्यांना हळद, मीठ, साखर, बडीशेप लावून ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर, वाफेवर ठेवतात. आपल्या घरची कांदा परतून घ्यायची रीत ती नव्हे. वरची शेव रतलामची किंवा तिच्या चुलत घराण्यातली, बेसनात लवंगेचा ठसका असलेली. जिरावण हा जिरे, हिंग, आमचूर, काळे मीठ यांचा माळवी मसाला. मिरची निमाडची, खरगोण जिल्ह्यातल्या बेडियाचा मिरचीबाजार देशात नावाजलेला आहे, आणि मिरचीचे मूळ बी पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेले. जिलबीचे नाव अरबी 'झलाबिया'चे वंशज. आता या बशीचा सातबारा कुणाच्या नावावर करायचा ते पाहुण्यांनी सांगावे.

आपला हिस्सा त्यात आहेच, तो कोण नाकारतो? होळकर-शिंद्यांच्या माणसांबरोबर पोहे इकडे आले असे सांगतात. दुसरी हकीकत इंदुरात जास्त सांगितली जाते, ती अशी की पुरुषोत्तम जोशी नावाच्या मराठी गृहस्थांनी 1949-50 च्या सुमारास टिळक पथावर उपाहारगृह काढले आणि पोहे प्रथम दुकानात आले. तोवर ते घरात होत, पाहुण्यापुढे येत, पण विकले जात नसत. दोन्ही गोष्टी खऱ्या धरू. मग पुढे काय झाले तेही धरायला नको का? विकणाऱ्याने पोहे दिले आणि गिऱ्हाइकाने ते बदलले. बनियाने शेव मागितली, माळव्याने बडीशेप आणि साखर मागितली, हलवायाने शेजारीच जिलबीची कढई मांडली. विकणाऱ्याने तेव्हा अस्सलपणाचा हट्ट धरला असता तर पोहे टिळक पथ ओलांडून पलीकडे गेले नसते. ते गेले याचा अभिमान वाटायचा की बिघडले याचे दुःख करायचे?

2019 साली इंदूरच्या मिठाई-नमकीनवाल्यांनी पोहे, दुधाची दाट शिकंजी, लवंग शेव वगैरेंना भौगोलिक मानांकन मिळावे म्हणून हालचाल सुरू केल्याच्या बातम्या आल्या. आमच्या मराठी ओळखीपाळखीत त्यावर जो संताप उसळला तो पाहण्यासारखा होता. ज्या मंडळींच्या घरी नातवंडे आजीशी हिंदीत बोलतात, ती पोह्यांसाठी कोर्टात जायला निघाली! मराठी शाळेत मुले घालताना जो बाणा दिसला नाही तो बशीत उतरला.

मानांकनाला माझा विरोध नाही. 1999 चा कायदा चांगला आहे. नकली माल विकणाऱ्याला आळा घालायचे ते एक हत्यार आहे. पण आपण ते हत्यार शेजाऱ्यावर उगारतो. बंगालने 2017 मध्ये आपल्या रसगुल्ल्याचे मानांकन मिळवले, ओडिशाने 2019 मध्ये आपल्या. मधल्या भांडणात किती शाई गेली! याउलट तुमच्या दाराशी घडलेले उदाहरण पाहा. कोल्हापुरी चपलेला 2019 साली मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोघांना मिळून: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. आठ जिल्हे, एक चप्पल. सीमेचा दावा महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात नेला. चपलेला मात्र दोन राज्यांनी एका कागदावर सही केली. कारण अथणीचा चर्मकार आणि कोल्हापूरचा दुकानदार यांना एकमेकांवाचून चालत नव्हते.

इथे कुणी म्हणेल, हा इंदूरचा सुखवस्तू माणूस आम्हाला सीमाप्रश्न सोडा म्हणून सांगतो आहे. नाही. मुलाला आपल्या भाषेत शिकता यावे, सातबाऱ्याचा उतारा आपल्या भाषेत मिळावा, हा हक्क आहे. तो मागावा लागतो आणि मागत राहावा. 1946 च्या बेळगाव संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राची हाक दिली गेली ती वाया गेलेली नाही. पण भाषेचा हक्क आणि पदार्थाची मालकी या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत, एवढेच माझे म्हणणे. देवीची ओटी आपण खण-नारळाने भरतो. तो खण कुठला? बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा; कानडी बोलणाऱ्या विणकराच्या मागावरचा. इरकल त्याच जिल्ह्यातले. बेळगावचा कुंदा मारवाडातून येऊन राहिलेल्या पुरोहित मंडळींनी नावारूपाला आणला असे बेळगावकर स्वतःच सांगतात. आणि खणाचा धंदा खालावला तो कानडी-मराठी भांडणाने नव्हे. आपल्याच बायकांनी चोळी सोडली म्हणून.

आता इंदूरकडे परत. 'खाद्यसंस्कृती माणसे जोडते' हे वाक्य आजकाल प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात असते. मला ते ऐकून चीड येते, कारण ते अर्धे खोटे आहे. आपल्या अन्नाने शतकानुशतके माणसे वेगळी बसवली. पंगत म्हणजे काय? कोण कुणाशेजारी बसणार नाही, याची ती यादी असे. सोवळ्यातला स्वयंपाक, वाढणाऱ्याची जात, पाण्याच्या घागरीची जागा, हे सगळे आमच्या आजीच्या इंदुरात होते. वाड्यातल्या पुरणपोळीने कुणाला जोडले नाही. जोडले असेल तर ठेल्याने. ठेल्यावर पाट नाही, पान नाही, आधी कोण आणि मग कोण नाही. जो उभा राहील त्याला बशी मिळते. माझे आजोबा उभ्याने खाण्याला भ्रष्टाचार म्हणत, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच म्हणत होते. ठेला त्यांची व्यवस्था मोडत होता.

सराफा बाजार बघा. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री दुकाने बंद झाली की त्याच पायऱ्यांसमोर गराडू, भुट्ट्याचा कीस, दहीवडा, मालपुवा, साबुदाण्याची खिचडी. ('कीस' हा शब्द आमच्या किसणीतूनच तिकडे गेला असावा असे मला नेहमी वाटते, पण त्याचाही सातबारा मी मागणार नाही.) रात्री माणसांची वर्दळ राहिली तर तिजोऱ्या सुरक्षित राहतात म्हणून सराफांनीच खाणाऱ्यांना थारा दिला, असे जुने लोक सांगतात. म्हणजे प्रेमाने नव्हे, गरजेने. सराफाला राखण हवी होती, हलवायाला जागा. अशी गरज हेच खरे नाते. उपासाची खिचडी तिथे रात्री बारा वाजता शेव भुरभुरून खातात आणि खाणाऱ्यातल्या कितीकांचा कसलाच उपास नसतो. त्या साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेतला आणि कारखाने तमिळनाडूतल्या सेलमचे. आमच्या एकादशीने इतका लांबचा प्रवास केला आहे!

आता तीच गरज सुटत चालली आहे. तिजोऱ्या राखायला कॅमेरे आले. गल्ली अरुंद, गॅसच्या टाक्या, गर्दी, म्हणून ही चौपाटी हलवा असा सराफांतल्या काहींचा आग्रह अलीकडच्या वर्षांत वाढला. आगीची भीती खरी आहे, तिची थट्टा मी करणार नाही. पण त्यावर निघालेला सूर मला खटकतो. फक्त 'पारंपरिक' पदार्थांचे ठेले ठेवा, मोमोवाले नि चायनीजवाले काढा. मोमोच्या टाकीला आग लागते आणि जिलबीच्या टाकीला लागत नाही काय? टाक्या मोजायच्या तर मोजा. परंपरेच्या नावाने कालच्या उपऱ्याने आजच्या उपऱ्याला हाकलू नये. जिलबीही एके काळी मोमोच होती.

कारागिरीचेही असेच. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात कापडगिरण्यांच्या झांक्या निघतात; शंभर वर्षांची रीत. गणपती आपला, पण झांकी बांधणारे हात उत्तर प्रदेशाचे, राजस्थानचे, खानदेशचे, माळव्याचे. सुतार, वायरमन, रंगारी, सगळे गिरणीतलेच. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला 2023 चा डिसेंबर उजाडला, बत्तीस वर्षे. त्या बत्तीस वर्षांत कित्येक गेले, कित्येक कर्जात बुडाले, पण बंद गिरणीच्या नावाची झांकी वर्गणी काढून रस्त्यावर येत राहिली. ज्यांना पगार नाही त्यांनी मिरवणूक चालू ठेवली आणि आपण गॅलरीतून पाहिली. टाळ्या मात्र भरपूर वाजवल्या.

मी हे दुसऱ्यांवर लिहितो आहे असे वाटू नये म्हणून घरचे सांगतो.

माझ्या लहानपणी वर्षातून दोनदा महेश्वरहून एक विणकर गाठोडे घेऊन आमच्या वाड्यात येत. मोमीन होते. बोलत निमाडी, पण काठ, पदर, गर्भरेशमी हे शब्द आमच्यासारखेच उच्चारत. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. आई ओसरीवर बसून साड्या पाहायची. महेश्वरीची गंमत तिने मला तेव्हाच शिकवली. काठ दोन्ही बाजूंनी सारखा, उलटी-सुलटी कशीही नेसा. त्याला बुगडी म्हणतात. चटई, वीट, हिरा, नर्मदेच्या लाटा हे नमुने किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांतून उचललेले. चाचा सांगत की ताण्याचे रेशीम बंगलोरहून येते, बाण्याचे सूत कोइमतूरहून, जर सुरतेहून. अहिल्याबाईंनी विणकरांना बाहेरून आणून महेश्वरात वसवले ही कथाही मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकली, आणि ती ते आपल्या घरची गोष्ट असल्यासारखी सांगत. माझ्या बहिणीच्या डोहाळजेवणाला त्यांनी न सांगता हिरवी साडी आणली होती. आईच्या मागच्या खेपेच्या बोलण्यातून त्यांनी हिशेब केला होता.

आई त्यांना चहा द्यायची. कप वेगळा होता. कोनाड्यात पालथा ठेवलेला असे आणि तो चाचा स्वतः विसळून ठेवत. हेही लिहिले पाहिजे, नाहीतर वरचे सगळे गोड चित्र होऊन बसेल. नाते होते आणि त्याला कोनाडाही होता.

मग वाडा गेला, आम्ही फ्लॅटमध्ये आलो, चाचांचे येणे थांबले. मीही चौकशी केली नाही. तीन वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नात आहेराला पंचवीस साड्या हव्या होत्या. इंदूरच्या कापड बाजारात 'महेश्वरी' म्हणून यंत्रमागाच्या साड्या मिळतात, हातमागाच्या किमतीच्या अगदी लहान तुकड्यात. मी त्या पंचवीस घेतल्या. घासाघीसही केली. त्या साड्यांच्या काठाजवळ हातमागावर पडणारी टाचण्यांची बारीक भोके नव्हती, हे मला दुकानातच दिसले होते. आईने डोळे दिले होते ना. वऱ्हाडातल्या एका बाईंनी साडी हातात घेऊन म्हटले, "अहिल्याबाईंच्या गावची!" आणि मी मान डोलावली.

2025 साली अहिल्याबाईंची तीनशेवी जयंती झाली. भाषणे, तसबिरी, मिरवणुका. आमच्या मराठी संस्थांनीही उत्साहाने केली आणि योग्यच केले. मी त्यातल्या एका समारंभाला गेलो होतो. व्यासपीठावर सत्कार झाले ते वक्त्यांचे, देणगीदारांचे, दोन आजी-माजी पदाधिकाऱ्यांचे. ज्या मागांच्या जोरावर ते नाव आज साडीच्या दुकानांत रोज उच्चारले जाते, त्यांच्यावरचा एकही हात तिथे नव्हता. शेजारच्या खुर्चीवरच्या स्नेह्यांना मी हे बोलून दाखवले, तर ते म्हणाले, "अहो, पण तो कार्यक्रम आपला होता." हा 'आपला' मला त्या रात्री झोपू देईना. बाईंच्या राज्यात विणकर आपला होता, कारण त्याच्यावाचून दरबारचा आहेर अडत होता. आपला आहेर अडत नाही. आपण बाजारात जातो.

म्हणून मला या खाद्यजत्रांचे कौतुक करवत नाही. दर वर्षी इंदुरात मराठी खाद्यजत्रा भरतात. बायका आठ-आठ दिवस राबतात, मोदक, थालीपीठ, झुणका-भाकर, पुरणपोळी, गर्दी तोबा. चार पैसे त्यांच्या हातात पडतात, हे चांगलेच. पण हॉलच्या आत आपणच शिजवायचे, आपणच विकायचे आणि दारावर 'अस्सल महाराष्ट्रीय' अशी पाटी लावायची, ही पंगतच झाली की. फक्त पाट जाऊन टेबले आली. हिंदी माणूस येतो, खातो, 'बढ़िया' म्हणून निघून जातो. आपल्याला त्याच्याकडून काही नको असते आणि त्याला आपल्याकडून बशीपलीकडे काही नको असते. याला जोडणे म्हणत नाहीत. याला दुकान म्हणतात.

माझ्यावर नेहमी येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. इंदुरात मराठी आधीच विरघळते आहे; भाषा गेली, आडनावांचे उच्चार बदलले, निदान पदार्थ तरी शुद्ध राहू द्या. मी उलट विचारतो. शुद्ध ठेवलेले काय टिकले? आमच्या घरातले सांदण गेले, सोलाची कढी गेली, आजीबरोबरच गेली. कारण ती आम्ही कुणाला दिलीच नव्हती. पोहे टिकले. श्रीखंड, साबुदाण्याची खिचडी टिकली. जे दुसऱ्याच्या हातात गेले ते टिकले, बदलून टिकले. माझ्या नातवाला मराठी नीट येत नाही ही माझी लाज आहे आणि तिच्यावर उपाय मराठी शिकवणे हाच आहे. बडीशेप निवडून काढणे हा नाही.

यंदाच्या जत्रेसाठी चिटणीसांचा फोन आला होता. "तुमच्याकडचे पोहे चांगले होतात, एक स्टॉल घ्या." मी म्हटले, घेतो. माझ्या तीन अटी आहेत. एक, स्टॉलवर राजवाड्याचा तो ठेलेवाला माझ्या शेजारी उभा राहील. एका भांड्यात त्याचे, एका कढईत माझे, आणि गल्ला अर्धा-अर्धा. दुसरी, महेश्वरचा एक विणकर साड्या घेऊन बसेल आणि त्याच्याकडून जागेचे भाडे घेतले जाणार नाही. तिसरी, उद्घाटन त्याच्या हातून होईल.

चिटणीस थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, स्टॉल सभासदांपुरतेच असतात, नियम आहे. आणि उद्घाटनाला आमदारसाहेबांनी तारीख दिलेली आहे. मी म्हटले, नियम बदलायला सभा बोलवा, मी प्रस्ताव लेखी देतो. दुसऱ्याच दिवशी दिला. पोच मिळाली आहे, दसऱ्याच्या आधीची तारीख आहे तिच्यावर. दिवाळी आली, अजून सभा लागलेली नाही.